नवी आवृत्ती, जुना सूर

आमच्या हौशी नाटकमंडळींनी २०११ साली एक दीर्घांक बसवला होता. त्याचे सतरा प्रयोग झाले आणि प्रायोगिक नाटकांच्या रीतीप्रमाणे तो यथावकाश बंद पडला. गेल्या वर्षी तोच दीर्घांक पुन्हा उभा करायचे ठरले, तेव्हा दिग्दर्शन करणाऱ्या ताईंचा मला फोन आला. "बाकी सगळं नव्यानं करू, पण संगीत तेच हवं. शेवटच्या प्रवेशातलं तर तेच. तुझ्याकडे असेलच ना रे?" मी "आहे की" म्हणून मोकळा झालो. हे उत्तर आपण किती बेफिकिरीने दिले, ते पुढच्या तीन आठवड्यांत मला कळायचे होते.

संगीत माझे नव्हते, माझ्या मित्राचे होते. माझे काम संगणकाजवळ बसून तो म्हणेल ते खटके दाबण्याचे. चार वर्षांपूर्वी एका सकाळी मित्राच्या उजव्या कानाने ऐकू येणे एकाएकी बंद झाले. उपचार झाले, पण कान परतला नाही, आणि डाव्या कानालाही वरच्या पट्टीतले आवाज आता नीट उमगत नाहीत. त्याने संगीत बाजूला ठेवले. त्याबद्दल तो बोलत नाही आणि आम्हीही काढत नाही. त्यामुळे "नसेल सापडत तर नवीन करून घेऊ" हा मार्ग ताईंना सुचला नव्हता असे नाही, सुचूनही त्यांनी तो उच्चारला नव्हता.

अकरा तुकड्यांची एक सीडी माझ्या कपाटात होती. दहा तुकडे वाजले, अकरावा वाजेना. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटचा तुकडा बाहेरच्या कडेला असतो आणि हाताळण्याने, दमटपणाने खराब होते ती बहुधा कडाच. उजेडात धरून पाहिली तर कडेचा चंदेरी थर खवल्यांसारखा उडालेला. तरीही मी निश्चिंत होतो, कारण मूळ फाइल माझ्यापाशी होती. ज्या सॉफ्टवेअरात आम्ही ते संगीत रचले होते, त्याच सॉफ्टवेअरची फाइल. ते सॉफ्टवेअरही मी दोनच महिन्यांपूर्वी मोठ्या हौसेने ताज्या आवृत्तीवर नेले होते. ते कोणत्या कंपनीचे, याला इथे महत्त्व नाही. या गोष्टीतले सॉफ्टवेअर बदलले तरी गोष्ट बदलत नाही.

फाइल उघडली. आधी एक चौकट आली : या फाइलीत चौदा प्लग-इन वापरलेले आहेत, त्यांपैकी पुढील नऊ सापडत नाहीत. खाली नऊ नावांची यादी. मी चौकट बंद केली आणि वाजवण्याचा खटका दाबला. बासरी वाजू लागली. एकटी बासरी. ती एका वादकाने प्रत्यक्ष येऊन वाजवलेली आणि माइकवर मुद्रित केलेली होती, म्हणून ती होती. तिच्याखाली जो एक लांबलचक, हलता, जमिनीसारखा सूर होता, ज्याच्यासाठी ताईंनी फोन केला होता, त्याच्या जागी शांतता होती. पडद्यावर त्याचा पट्टा मात्र जसाच्या तसा दिसत होता. स्वर कुठे सुरू होतो, कुठे संपतो, सगळे रेखलेले, आणि आवाज काही नाही.

ज्यांचा या उद्योगाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पूर्वीच्या स्टुडिओत वाद्ये, घुमारा देणारी यंत्रे, आवाजाचा चढउतार आवरणारी यंत्रे अशी खोलीभर सामग्री असे. संगणकाने ती सारी आपल्या पोटात घेतली. पण प्रत्येक यंत्र मूळ सॉफ्टवेअरच्या निर्मात्यानेच बनवायचे म्हटले तर ते पुरे पडणार नाही, म्हणून १९९६ साली स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने आपल्या 'क्यूबेस'बरोबर व्हीएसटी नावाचा एक संकेत आणला आणि तो इतरांनाही खुला केला. हा संकेत पाळून कोणीही एखादे यंत्र लिहावे, ते मूळ सॉफ्टवेअरात आपोआप जाऊन बसेल. हेच प्लग-इन. १९९९च्या दुसऱ्या आवृत्तीपासून असे वाद्यही लिहिता येऊ लागले, म्हणजे कळा दाबल्या की आवाज प्लग-इनने निर्माण करायचा. मग मोठ्या कंपन्या आल्याच, पण दिवसा नोकरी करून रात्री वाद्ये लिहिणारे असंख्य हौशी लोकही आले. त्यांची वाद्ये बहुधा फुकट असत. आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडणारी तीच होती.

नऊ नावांच्या यादीकडे मी पुन्हा शांतपणे पाहिले, तेव्हा ती सगळी एकाच कारणाने हरवलेली नाहीत हे ध्यानात आले. एखाद्या घरातली नऊ माणसे एकाच दिवशी दिसेनाशी व्हावीत. त्यांतली काही शेजारी गप्पा मारत बसलेली असावीत, काही पत्ता बदलून गेलेली आणि काही खरोखरच गेलेली, तसे ते होते.

पाच जण शेजारीच होते. प्लग-इनच्या फाइली कुठल्या फोल्डरात ठेवाव्यात याबद्दल व्हीएसटीच्या जुन्या आवृत्तीत एकवाक्यता नव्हती. ज्याने त्याने आपापल्या मर्जीने फोल्डर निवडलेले. जुन्या आवृत्तीला मी कधीतरी ते पत्ते सांगून ठेवले होते आणि सांगितल्याचे विसरूनही गेलो होतो. नवी आवृत्ती कोरी पाटी घेऊन आली. तिला ते फोल्डर दाखवले, पुन्हा एकदा सगळे धुंडाळायला लावले, आणि पाच नावे यादीतून गेली. पुष्कळांचा घोळ इथेच मिटतो. नव्या आवृत्तीनंतर प्लग-इन दिसेनासे झाले की आधी पत्ता तपासावा, रडारड नंतर.

दोघांनी रूप बदलले होते. ती विकत घेतलेली प्लग-इन्स होती. त्यांतल्या एकाची नवी आवृत्ती निर्मात्याने उपलब्ध ठेवली होती. मी ती आनंदाने बसवली, ती दिसूही लागली, पण माझी फाइल म्हणे, मला हे नको, मला तेच हवे. कारण प्रत्येक प्लग-इनला नावाखेरीज एक आतली ओळख असते आणि फाइल त्या ओळखीने हाक मारते. २००८ साली व्हीएसटीची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात ओळख देण्याची रीतच बदलली. निर्मात्याने दोन्हींची सांगड मुद्दाम घालून दिली नसेल, तर नव्या रूपातले तेच प्लग-इन जुन्या फाइलीला परके वाटते. निर्मात्याच्या जुन्या आवृत्त्यांच्या दालनात जाऊन मी जुन्या रूपातले प्रकाशन आणून बसवले, तेव्हा हाकेला ओ मिळाली. दुसऱ्याच्या बाबतीत तीही सोय नव्हती. ते बसवल्यावर एकदा निर्मात्याच्या सर्व्हरशी बोलून परवानगी घ्यावी लागे. निर्माता धंदा बंद करून गेलेला, सर्व्हरही गेलेला. पैसे मोजल्याची पावती माझ्यापाशी होती, प्लग-इनही होते, त्याला "चालू हो" असे सांगणारे कोणी उरले नव्हते. ते फक्त घुमाऱ्याचे यंत्र होते, म्हणून दुसऱ्या एका यंत्रावर भागवले.

उरले दोघे, आणि त्यांतला एक तो होता.

हे दोघे ३२ बिटांच्या जगातले. ३२ बिटांचा प्रोग्रॅम स्मृतीतली ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ घरे मोजू शकतो, म्हणजे ४ गिगाबाइट. त्यापलीकडचे घर त्याच्या मोजमापातच येत नाही. नव्वदच्या दशकात हा आकडा अफाट वाटे. पुढे पियानोची एकेक पट्टी अनेक वेळा मुद्रित करून बनवलेली वाद्ये आली, एकेका वाद्याची सामग्री कित्येक गिगाबाइट होऊ लागली, आणि ४ गिगाबाइटांची खोली अपुरी पडली. म्हणून ६४ बिटांचे घर बांधणे भाग होते. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पण ६४ बिटांचा प्रोग्रॅम ३२ बिटांचे प्लग-इन आपल्या पोटात घेऊ शकत नाही. काही काळ सॉफ्टवेअरांनी दोन्ही घरांत ये-जा ठेवली, मग एकेकाने दार लावून घेतले. २०१३ साली 'प्रो टूल्स'च्या अकराव्या आवृत्तीने आणि 'लॉजिक प्रो एक्स'ने, २०१६च्या अखेरीस 'क्यूबेस'च्या नवव्या आवृत्तीने. २०१९च्या 'कॅटलिना' या प्रणालीपासून तर मॅक संगणकांवर ३२ बिटांचा कुठलाच प्रोग्रॅम चालेनासा झाला. माझा संगणक विंडोजचा, तिथे ३२ बिटांना अजून थारा आहे. मात्र त्या घरातल्या पाट्या वाचून हसावे की रडावे कळत नाही : 'सिस्टम३२' या फोल्डरात ६४ बिटांच्या फाइली नांदतात आणि 'सिसवॉव६४'मध्ये ३२ बिटांच्या. जुन्या प्रोग्रॅमांना नाव बदललेले चालले नसते, म्हणून पाटी तीच ठेवून आतले बिऱ्हाड बदलले. आपल्याकडे गल्लीचे नाव बदलले तरी पोस्टमन जुन्याच नावाने पत्र आणून देतो, त्याचीच ही तऱ्हा.

मोठ्या निर्मात्यांनी आपापली प्लग-इन्स ६४ बिटांत पुन्हा घडवली. रात्री जागून वाद्य लिहिणाऱ्या हौशी माणसाने ते का करावे? कोणी नोकरी बदलली असेल, कोणाचा उत्साह सरला असेल. आमचा लांबलचक सूर ज्या वाद्यातून निघाला होता, त्याच्या कर्त्याचे संकेतस्थळ कधीच मावळले होते.

मग नवे वाद्य घेऊन तोच आवाज पुन्हा का बनवू नये? मी तसा प्रयत्न केला. दोन रात्री बसलो. पण मित्राने त्या वाद्याच्या कुठल्या कळी किती फिरवल्या होत्या ते मला ठाऊक नव्हते. मला एवढेच आठवत होते की तो डोळे मिटून गुणगुणत होता आणि मधूनच डाव्या हाताने एखादी कळ केसभर फिरवत होता. ते सगळे निर्णय फाइलीत होते. पण कसे होते? वाद्य आपली सारी अवस्था एका गाठोड्यात बांधते आणि सॉफ्टवेअरच्या हवाली करते. सॉफ्टवेअर ते गाठोडे न उघडता फाइलीत ठेवून देते, कारण ते उघडण्याची विद्या त्याला नसते. ती फक्त त्या वाद्याला असते. म्हणजे माझ्या मित्राच्या कानाने एका संध्याकाळी घेतलेले पन्नासेक निर्णय सुखरूप होते, पण जी भाषा जगात एकच जण वाचू शकतो आणि तो जण आता दारात उभा करून घेतला जात नाही, अशा भाषेत.

इथे मला माझी मूळ चूक उमगली. मी समजत होतो की आपल्यापाशी संगीत जपलेले आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले. ती तबकडी आज कुठल्याही फिरत्या सुईखाली ठेवा, झिजलेला, खरखरीत, पण त्यांचाच आवाज येईल. उलट विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिके'त स्वरलिपीत छापल्या, त्या पुस्तकातून आवाज येत नाही. ती वाचणारा गळा लागतो, आणि त्या गळ्याला स्वरलिपीत न मावणारे पुष्कळ काही आधीच ठाऊक असावे लागते. भातखंड्यांना हे पुरते माहीत होते. आपण तबकडी करत नसून टाचण करत आहोत याविषयी त्यांचा गैरसमज नव्हता. माझा झाला होता. आमची फाइल दिसायला तबकडी होती, खटका दाबला की वाजत होती. प्रत्यक्षात ते टाचण होते आणि ते वाचणारा गळा शेजारच्या फोल्डरात होता. तो तिथे होता तोवर हा फरक जाणवायचे कारणच नव्हते.

तंबोऱ्याची घोडी तारांनी झिजते, जवारी उतरते, आवाज बसका होतो. मग मिरजेचा एखादा कारागीर घोडी घासून, सूत सरकवून ती पुन्हा बोलती करतो. तो तंबोरा त्याने घडवलेला असावाच लागतो असे नाही. वाद्य उघडे असते, त्याचे मर्म हाताला लागते. आमच्या वाद्याचे मर्म त्याच्या कर्त्याखेरीज कोणाच्या हाताला लागणारे नव्हते, आणि कर्ता कोण हे मला माहीत नव्हते.

मार्ग निघाला तो एका जुन्या हार्डडिस्कमधून. २०११च्या संगणकाची पूर्ण नक्कल मी तिच्यावर करून ठेवली होती. तिच्यात ते वाद्य सापडले : एकच फाइल, काही शे किलोबाइटांची. तिला बसवण्याचा सोपस्कार नव्हता, परवाना नव्हता, कुठल्या सर्व्हरची परवानगी नव्हती. विकतचे, राखण बसवलेले यंत्र मला पावती असूनही वाचवता आले नाही, आणि फुकटचे, कोणाची राखण नसलेले वाद्य नुसते उचलून आणता आले, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते.

राहिला ३२ आणि ६४ यांचा प्रश्न. त्यासाठी पूल बांधणारी छोटी सॉफ्टवेअरे मिळतात. ती ३२ बिटांचे प्लग-इन वेगळ्या, ३२ बिटांच्या प्रोग्रॅमात चालवतात आणि दोन्ही घरांना दिसेल अशा सामायिक स्मृतीतून स्वर तिकडे, आवाज इकडे अशी ने-आण करतात. मूळ सॉफ्टवेअरला वाटते, प्लग-इन आपल्याच घरात आहे. असा एक पूल मी घेतला, वाद्य त्यावर चढवले, फाइल उघडली. यादीत एकही नाव उरले नव्हते. खटका दाबला. सूर वाजला, पण तो सूर नव्हता. करवतीसारखा, कोरा, कारखान्यातून आल्यासारखा आवाज.

गाठोडे गेले होते, आणि ते मीच घालवले होते. पहिल्या दिवशी, नऊ नावे हरवलेली असताना, सवयीने मी फाइल 'सेव्ह' केली होती. काही सॉफ्टवेअरे सापडत नसलेल्या प्लग-इनचे गाठोडे जपून ठेवतात, काही टाकून देतात. माझ्या नव्या आवृत्तीने टाकले होते. त्या क्षणी पोटात काय झाले ते लिहीत नाही. हार्डडिस्कवर त्याच फाइलीची २०११ची, न उघडलेली प्रत होती म्हणून बचावलो. यातून कोणी एक गोष्ट घ्यायची तर एवढीच घ्यावी : नव्या आवृत्तीत जुनी फाइल उघडण्यापूर्वी तिची नक्कल करावी आणि नक्कलच उघडावी.

दुसऱ्या वेळी सूर आला. खालच्या षड्जावर, सावकाश उलगडणारा, आत काहीतरी फिरत असल्यासारखा. रात्रीचे दोन वाजले होते. मी तो चार वेळा ऐकला. चारही वेळा किंचित वेगळा वाजला. त्या वाद्यातली कंपने कुठल्या बिंदूपासून सुरू व्हायची हे प्रत्येक वेळी नव्याने ठरत असावे.

रविवारी मित्राला घरी बोलावले. ऐकवावे की नाही याबद्दल मनात घोळ होता. न ऐकवता नाटकात वापरणे मात्र बरे दिसले नसते. तो स्पीकरच्या उजव्या बाजूला बसला, म्हणजे डावा कान आवाजाकडे होईल असा. तुकडा संपेपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "खालचं ऐकू येतंय. वर एक बारीक झळझळ होती ना रे, काचेसारखी, ती आहे का?"

"आहे."

"मला नाही येत ती. तसंच वाजतंय की नाही ते आता तूच सांग."

ताडून पाहायला दुसरे काही नव्हते. सीडीवरचा तुकडा गेलेला, आणि वाद्य तर दर वेळी थोडे वेगळे वाजणारे. तेरा-चौदा वर्षांमागच्या आठवणीखेरीज माझ्यापाशी पुरावा नव्हता, आणि आठवणीला आपल्याला हवे ते ऐकण्याची खोड असते. मी म्हणालो, "तसंच वाजतंय." ते खोटे नव्हते. खरे होते असे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याने मान हलवली आणि चहा मागितला.

त्यानंतर मी तीन कामे केली. अकराही तुकड्यांतला प्रत्येक पट्टा वेगळा काढून वेव्ह फाइलींत उतरवला. हा प्रकार १९९१चा आहे, जवळजवळ सगळीकडे वाचला जातो आणि त्यात आवाज हा आवाज म्हणूनच असतो. प्रत्येक पट्ट्यातले स्वर मिडी फाइलींत ठेवले. १९८३चा तो संकेत आजची वाद्येही ओळखतात. आणि प्रत्येक तुकड्यासोबत साध्या मजकुराचे एक पान ठेवले. त्यात पट्टी, लय, वाद्ये आणि आवाजाचे वर्णन, उद्या कोणाला तो पुन्हा घडवायची वेळ आली तर उपयोगी पडावे म्हणून. ही पाने मित्राने सांगितली, मी लिहिली. मला वाटले होते तो कळींबद्दल सांगेल. कळींबद्दल त्याला फारसे आठवत नव्हते. अकराव्या तुकड्याच्या पानावर त्याने सांगितलेले शेवटचे वाक्य असे आहे : आईचे शेवटचे वाक्य सुरू होण्याआधी तिने श्वास घेतला, की तिथे हा सूर थांबवायचा, वाक्यावर येऊ द्यायचा नाही.

हे फाइलीत कुठेच नव्हते. जुन्या प्रयोगांत ध्वनी सांभाळणारा ते हाताने करत असे.